पासिंगची चाकं

इंदुमती शेलारचा कुणावरच विश्वास नव्हता. भाजीवाल्याच्या काट्यावर नाही, चार्जिंगच्या मीटरवर नाही, शाळेतल्या क्लार्कच्या 'उद्या या'वर तर मुळीच नाही. पूर्वी ती अशी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, भानुदासला, कॅनॉलच्या पुलाजवळ संध्याकाळच्या सुमारास कुणीतरी उडवलं आणि तसंच टाकून पोबारा केला. सायकलसकट तो चारीत पडून राहिला. सकाळी दूधवाल्यानं बघितलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मार जिवावरचा नव्हता, रक्त गेलं. तासाभरात आणलं असतं तर वाचले असते. गाडी सापडली नाही, माणूस सापडला नाही. तेव्हापासून रस्त्यावरची प्रत्येक गाडी इंदूला तीच वाटायची, आणि गोड बोलणारा प्रत्येक माणूस काहीतरी दडवतोय असं वाटायचं.

अपवाद एकच, बापू पिसाळ. शिरसोडीच्या टेंपो स्टँडवरचा सगळ्यात जुना माणूस. भानुदासचं दिवसकार्य उरकल्यावर त्याची शाळेची व्हॅन विकायची की काय अशी वेळ आली, तेव्हा बापूच दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, विकू नकोस, तूच चालव. चाळिशीची बाई, सायकलीचा ब्रेकसुद्धा कधी दाबलेला नाही, आणि चालवायची गाडी! पण बापूंनी स्वतःचा टेंपो बाजारतळावर आणला, तिला शेजारी नाही, थेट चालकाच्या जागेवर बसवलं आणि तीन महिने रोज सकाळी शिकवलं. चाक कसं बदलायचं, नट शेजारी-शेजारी न आवळता समोरासमोरचे आवळायचे, उतारावर पाय कुठे ठेवायचा, सगळं. आज ती दोन वस्त्यांवरची अकरा पोरं शाळेत पोचवते ती बापूंच्या जिवावर, असं ती स्वतःच सांगायची.

आणि आज तिच्या व्हॅनचं पासिंग होतं.

पासिंग म्हणजे काय, ते ज्याची चूल भाड्याच्या गाडीवर पेटते त्यालाच कळतं. वर्षातून एकदा गाडी तपासणी केंद्रावर न्यायची, ब्रेक, दिवे, टायर सगळं दाखवायचं आणि 'रस्त्यावर चालायला लायक' असा कागद घेऊन यायचा. मग त्या कागदाची मुदत पिवळ्या आकड्यांत समोरच्या काचेवर लावायची, म्हणजे आल्यागेल्याला दिसावी. कागद नाही तर धंदा नाही. शाळा उघडायला एक आठवडा राहिला होता, आणि शाळेनं निक्षून सांगितलं होतं की पहिल्या दिवशी कागद दिसला नाही तर पोरं दुसऱ्या गाडीला देणार.

व्हॅनची बॅटरी ठीक होती, ब्रेक ठीक होते, टायर मात्र पार गुळगुळीत झालेले. त्याची चिंता स्टँडवर कुणी करत नसे. लतीफचाचांच्या गॅरेजमागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, डिस्कसकट चार चाकं झाकून ठेवलेली असत, टायर करकरीत. स्टँडवरच्या सगळ्या गाड्या एकाच मापाच्या, त्यामुळे ती सगळ्यांना बसत. ही पासिंगची चाकं. ज्याचं पासिंग असेल त्यानं सकाळी आपली झिजलेली चाकं शेडमध्ये ठेवायची, ही चढवायची, कागद आणायचा, चाकं परत करायची आणि शेडच्या उंबऱ्यावर एक नारळ फोडायचा. कधीकाळी सगळ्यांनी मिळून घेतलेली. आता ती अमक्याची असं म्हणायची सोय नव्हती. साहेबासाठी चांगली चाकं आणि पोटच्या पोरांसाठी गुळगुळीत, असला हा उफराटा कारभार. पण वर्षानुवर्षं चाललेला, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नसे. इंदूलाही नाही.

सकाळी बापूंनीच स्वतःच्या हातानं तिला चाकं चढवून दिली. चार वाजेपर्यंत परत ये म्हणाले, उद्या त्यांचं स्वतःचं पासिंग होतं.

केंद्र बावीस किलोमीटरवर, एमआयडीसीच्या अलीकडे. गेल्याच महिन्यात तिथे नवं यंत्र आलेलं. मागल्या वर्षी कुठल्याशा घाटात एका बसच्या चाकाची डिस्क तुटली आणि तेव्हापासून प्रत्येक गाडीची चाकं आतून तपासायची सक्ती झाली. यंत्र म्हणजे लोखंडी कमान. गाडीनं मुंगीच्या पावलानं तिच्याखालून जायचं, कमान हलका गुणगुणल्यासारखा आवाज करायची आणि पलीकडे पडद्यावर आकडे उमटायचे. रांगेतल्या ड्रायव्हरांचं एकमत होतं की हा पैसे काढायचा नवा धंदा आहे. इंदूचंही तेच मत.

तिच्या कागदावर 'पास' आलं. पण खाली एक ओळ होती: डावे पुढील चाक, जुना आघात, नोंद क्रमांक अमुक. झालं! इंदूच्या कपाळावर आठी चढली. आता पुढल्या खिडकीवर कुणीतरी म्हणणार की एवढं खोडायचं तर चहापाणी द्या. ती तरातरा कमानीशेजारच्या टेबलाकडे गेली आणि ही ओळ कसली म्हणून विचारलं.

टेबलामागे तनुजा बोरकर नावाची तरुण इंजिनियर होती. तिनं चहापाणी मागितलं नाही. उलट, दिवसभरात कुणीतरी एकदाचं काही विचारलं याचाच तिला आनंद झाला. तिनं इंदूला स्टूल दिलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

तिनं सांगितलं ते असं. पोलादाच्या आत डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक चुंबकी कण असतात. चाकाला जबर धक्का बसला, तिथलं लोखंड ताणलं गेलं, की त्या जागेचे कण वळतात आणि वळलेलेच राहतात. वरून रंग द्या, ठोकून सरळ करा, कणांना फरक पडत नाही. कमान हे कण वाचते. धक्का कुठल्या बाजूनं आला, किती जोराचा, समोरची वस्तू कठीण की मऊ, हे त्या वळण्यावरून कळतं. आणि कधी आला, तेही. कारण लोखंड दिवसा तापतं, रात्री निवतं. दर वेळी कण किंचित मागे सरकतात, आणि जुन्या खुणेवर रोजचा एक पुसट थर चढतो. गाडी नुसती उभी असली तरी उष्मा चुकत नाही. थर मोजले की दिवस कळतात.

"आता तुमचंच चाक बघा," तनुजा म्हणाली आणि पडद्यावरच्या डागावर बोट ठेवलं. दगडाचा घाव असता तर टोकदार दिसला असता. हा पसरट होता, म्हणजे आधी मऊ वजन, साठ-पासष्ट किलो. त्याला लागूनच एक आडवी रेघ. पोकळ नळी, बोटाएवढ्या जाडीची, चाकाखाली चेपलेली. वेग चाळीसच्या आसपास. डिस्क दिवसभराची तापलेली होती आणि निवायला लागली होती, म्हणजे वेळ संध्याकाळची. बोलता बोलता तनुजाचा आवाज मंदावला. आपण काय वाचतोय ते तिच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं. तिनं इंदूकडे बघितलं, आणि ती नजर मघाची नव्हती.

"किती दिवस झाले?" इंदूनं विचारलं.

"सातशे अठ्ठावीस. एखादा दिवस मागेपुढे."

इंदूला बोटं मोजावी लागली नाहीत. परवा तारखेनं दोन वर्षं भरत होती. दोन वर्षांचे सातशे तीस, त्यातून दोन वजा.

तनुजानं हळूच विचारलं की तेव्हा गाडी कुणाच्या हातात होती. इंदूच्या तोंडून निघून गेलं, गाय आडवी आली असेल. गाईचं वजन एवढं कमी नसतं, तनुजा म्हणाली, आणि नळी? मग तीच पुढे म्हणाली की तडा आहे का एवढंच बघायचं तिचं काम, तडा नाही, म्हणून पास. पण नोंद राहते. गाडीच्या नंबरासकट, कायमची.

इंदू कागद घेऊन बाहेर आली आणि गाडीत बसून राहिली.

तिची व्हॅन त्या दिवशी लतीफचाचांच्या गॅरेजात होती. इंजिन काढून बॅटरी बसवायचं काम चाललेलं, आठ दिवस गाडी लाकडी ठोकळ्यांवर. म्हणून तर भानुदास सायकलवर गेला होता. म्हणजे गाडी ही नव्हे. चाक हे. आणि हे चाक, पासिंगच्या दिवसाखेरीज, कधीच कुठल्या गाडीला चढत नाही. ज्यानं भानुदासला उडवलं त्याचं त्या दिवशी पासिंग होतं. तो स्टँडवरचा होता. तिच्या दारात बसून रडलेल्यांतला, तेराव्याला जेवलेल्यांतला एक होता.

आणि कागदावर मात्र तिच्या व्हॅनचा नंबर होता. सरकारदरबारी आता भानुदास शेलारला त्याच्याच गाडीनं मारलं होतं. ही नोंद खोडायची तर सांगावं लागणार की चाकं माझी नाहीत, आणि ते सांगितलं की हातातला कागद रद्द, व्हॅन बंद, अकरा पोरं दुसऱ्याची. शिवाय स्टँडवरच्या एकूण एक गाड्यांची झडती. गप्प बसलं तर सगळं सुरळीत. गप्प बसायचं बक्षीस तिच्या हातातच होतं, शिक्का मारलेलं.

परतीच्या रस्त्यावर तिनं एकेकाला डोळ्यांसमोर उभं केलं. पहिला आला सोपान जगदाळे. भानुदास गेल्यावर महिन्याभरात सोपाननं टेंपो डेअरीवाल्याला विकला होता आणि पोल्ट्री टाकली होती. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. एवढा चालता धंदा का विकला? तेव्हापासून तो तिला बघून रस्ता का बदलतो? तिचा सगळा राग सोपानवर जाऊन बसला, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. सोपानचा राग करणं सोपं होतं.

पण उद्या माझं पासिंग, हे बापूंचं सकाळचं वाक्य काही केल्या मनातून जाईना. पासिंग दरवर्षी त्याच सुमाराला येतं. आज नऊ जून. तिचं आज, बापूंचं उद्या. दोन वर्षांपूर्वीचं पासिंग अकराला झालं असेल तर वर्षाची मुदत दहाला संपणार. हे गणित तिनं अर्धवट सोडून दिलं. बापूंवर संशय घ्यायचा म्हणजे जेवल्या ताटात थुंकायचं, असं ती स्वतःला बजावत राहिली.

स्टँडवर पोचली तेव्हा दुपार कलली होती. गाड्या सावलीला लागलेल्या, ड्रायव्हर आडवे झालेले. चार वाजायला अवकाश होता. इंदू उतरली आणि एकेका गाडीच्या काचेवरची मुदत वाचत निघाली. ऑगस्ट. मार्च. नोव्हेंबर. पुन्हा मार्च. कुणाची तरी जूनची निघू दे, तिनं देवाला सांगितलं. कुणाचीही, पण निघू दे. डेअरीचा टेंपो कॅन उतरवत होता, तो सोपानचा जुना. त्याच्या काचेवर सप्टेंबरची तेवीस तारीख होती. तिनं दोनदा वाचली. सोपान सुटला, आणि ती पुढच्या गाडीकडे वळली. दहा गाड्या झाल्या. जूनची एकही नव्हती. अकरावी गाडी स्टँडवर नव्हती. ती उद्याच्या पासिंगसाठी घरी धुवायला नेलेली.

तरी ती लतीफचाचांच्या गॅरेजात गेली. अजून एखादी गाडी असेल, विकलेली, भंगारात गेलेली. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं की दोन वर्षांपूर्वी या दिवसांत चाकं कुणी नेली होती, काही आठवतं का. चाचांनी मान हलवली. असलं लिहून ठेवायचं नसतं, ते म्हणाले, हे बाहेर फुटलं तर सगळं स्टँड बसेल, तुझ्या व्हॅनसकट. मग त्यांना हसू आलं. म्हणाले, बाकी लोक चाकं दोन-दोन दिवस अडकवून ठेवतात, बापूसारखा माणूस विरळा. माझ्या भाचीच्या लग्नाच्या दिवशी शेडला कुलूप होतं, मी मांडवात. तर हा गडी घामाघूम होऊन तिथे हजर. जेव म्हटलं तर जेवला नाही, पाणी प्यायला नाही. आत्ताच्या आत्ता चाकं बदलायची म्हणून किल्ली घेऊन गेला. तेवढा नारळ काय तो फोडायचा राहिला त्याचा.

इंदूनं विचारलं की भाचीचं लग्न कितीला झालं होतं.

"अकरा जून. परवा दोन वर्षं होतील. रविवार धरायचा सोडून व्याही अकरावरच अडून बसलेले. का गं?"

काही नाही, म्हणून ती निघाली.

बापूंचं घर स्टँडमागच्या आळीत. अंगणात टेंपो उभा होता, ओला, टायरांनासुद्धा काळा रंग लावलेला. बापू बादली पिळून फडकं वाळत घालत होते. तिला बघून तोंडभर हसले आणि झालं का पास म्हणून विचारलं. इंदूनं कागद पुढे केला. बापूंनी चष्मा लावला. शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. मग, कसला जुना आघात, यंत्राला काय कळतंय, असं काहीतरी पुटपुटले.

इंदूनं तनुजाचं सगळं बोलणं त्यांना ऐकवलं. मऊ वजन, मग नळी, सातशे अठ्ठावीस दिवस. काचेवरच्या तारखा सांगितल्या, लग्नाची तारीख सांगितली. आवाज चढवला नाही. तिला वाटत होतं की बापूंनी रागवावं. अगं बये, माझ्यावर संशय घेतेस, असं म्हणून हाकलून द्यावं. तिनं आनंदानं पाय धरले असते.

बापू बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

पासिंग करून येत होतो, ते म्हणाले. उन्हं डोळ्यांवर. पुलाच्या वळणावर सायकल दिसलीच नाही. पन्नास पावलांवर जाऊन थांबलो, दार उघडलं, एक पाय खाली टाकला, आणि ध्यानात आलं की गाडीखाली पासिंगची चाकं आहेत. पोलिस येणार, चाकं बघणार, शेडमध्ये माझी गुळगुळीत चाकं सापडणार. खोटं पासिंग म्हणून विमा उडणार, परवाना जाणार, सगळं स्टँड गोत्यात येणार. म्हटलं, आधी जाऊन चाकं बदलतो आणि परत येतो. कितीसा वेळ लागतोय? तर शेडला कुलूप. चाचा मांडवात. किल्ली आणली, एकट्यानं चारी चाकं बदलली. परत पुलावर यायला दोन तास गेले.

या माणसावर तिची बापासारखी माया होती, आणि आत्ता, या क्षणीसुद्धा, ती तुटत नव्हती. त्याचाच तिला संताप येत होता.

"जिवंत होते का ते? तुम्ही पहिल्यांदा थांबलात तेव्हा?"

"हाक मारली त्यानं," बापू म्हणाले. "माझा हॉर्न ओळखला असेल. बापू, थांबा, म्हणाला. परत आलो तेव्हा मी हाक मारली. ओ आली नाही."

मग ते रडायला लागले. म्हणाले, रोज सांगणार होतो. तुला शिकवताना रोज बाजारतळावर यायचो ते आज सांगायचंच असं ठरवून. इंदूनं त्यांना रडू दिलं. त्या तीन महिन्यांतली एकेक सकाळ तिला आठवत होती आणि प्रत्येक सकाळ नासत चालली होती. शेवटी बापूंनी डोळे पुसले, उठून उभे राहिले. म्हणाले, तू यात पडू नकोस. तुझा कागद तुझ्यापाशी ठेव, पोरांची शाळा बुडवू नकोस. चाकं इथं उतरव. उद्या मी याच चाकांवर कमानीखालून जातो आणि माझ्या तोंडानं सगळं सांगतो. त्यांनी जॅकसाठी हातही पुढे केला.

इंदूनं त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. ते खरं बोलत असावेत. दोन वर्षांपूर्वी पुलावरून निघतानाही ते मनातून खरंच बोलत असावेत.

"आधी चाकं बदलतो, मग येतो," ती म्हणाली. "हे तुमचं ठरलेलंच आहे, बापू."

तिनं त्यांच्या हातातला कागद काढून घेतला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली. बापू दारापर्यंत आले, अडवलं मात्र नाही. वळणावर आरशात ते तिथेच उभे असलेले दिसले.

केंद्र पाचला बंद व्हायचं. कॅनॉलच्या पुलावरून जाताना तिनं हात जोडले नाहीत की डोळे मिटले नाहीत, ब्रेकवर पाय तयार ठेवून पूल ओलांडला. शाळेला काय सांगायचं, स्टँडवरची दहा घरं उद्या दारात येऊन काय काय बोलतील, लतीफचाचा किती शिव्या देतील, हे सगळं तिला दिसत होतं. त्यांचंही चूक नव्हतं. तिनंही सकाळी तीच चाकं हसत हसत चढवून घेतली होती. त्या दिवशी बापूंच्या जागी मी असते तर थांबले असते का, हा प्रश्न तिच्या मनात आला, आणि दुसऱ्या कुणावर घ्यावा तेवढाच संशय तिनं स्वतःवरही घेतला. गाडी मात्र तिनं मागे वळवली नाही.

पाचला दहा कमी असताना तिनं व्हॅन कमानीशेजारी उभी केली. तनुजा पडदा झाकत होती.

"ही चाकं माझ्या गाडीची नाहीत," इंदू म्हणाली. "माझा कागद रद्द करा. आणि ती नोंद दुरुस्त करून घ्या, त्या दिवशी चाक दुसऱ्या गाडीला होतं."

तनुजानं तिला बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा पुन्हा समजावलं की एकदा लिहिलं की मागे घेता येणार नाही. कागद आजच्या आज रद्द होईल, गाडी इथेच अडकेल, आणि दोन्ही जबान्या पोलिसांकडे जातील, तिची आणि चाकाची. इंदू म्हणाली, लिहा. तनुजानं कागदावर आडवा शिक्का मारला. डावं पुढचं चाक मोहोरबंद करून ठेवावं लागणार होतं, पण कामगार घरी गेलेले. इंदूनं स्वतःच जॅक लावला. नट समोरासमोरचे सैल केले, आधी वरचा मग खालचा, आधी डावा मग उजवा. चाक घरंगळत टेबलापाशी आणून आडवं ठेवलं. मागे व्हॅन जॅकवर तिरकी उभी होती.

तनुजानं पडद्यावर नवी नोंद उघडली आणि त्या दुसऱ्या गाडीचा नंबर विचारला. इंदूनं अक्षरांसकट सगळा नंबर न अडखळता सांगितला. तनुजाची बोटं थांबली. एका आकड्याची चूक झाली तर भलत्याच माणसाच्या गळ्यात फास पडेल, ती म्हणाली. कुठे लिहून आणलाय का, की नक्की पाठ आहे?

इंदूनं पदराला हात पुसले.

"पाठ आहे," ती म्हणाली. "मी त्याच गाडीवर शिकले."